बोगदा कोणी निवडायचा?

बँकेच्या दोन शाखांमधला मजकूर दूरसंचार कंपनीच्या सामाईक जाळ्यातूनच जातो. पण इतरांपासून अलग, जणू बोगद्यातून. यालाच व्हीपीएन म्हणतात. याची एक प्रचलित रीत २००६ साली आरएफसी ४३६४ या दस्तऐवजात नोंदली गेली.

एकाच ठिकाणी पोहोचवणारे बोगदे अनेक असतात. काही राउटर जवळच्या वाटेने आपोआप पाडतात; काही, जागा राखून, माणूस मुद्दाम आखतो. त्यांतला कोणता घ्यावा, हे राउटर लिहून दिलेल्या धोरणावरून ठरवतो.

हुआवेच्या राउटरांत अशा धोरणाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली अनुक्रमाची: आधी आखलेला बोगदा, तो नसेल तर साधा, हवे तर भार अनेकांवर वाटावा. दुसरी बांधणीची: अमुक ठिकाणच्या वाहतुकीला अमुकच बोगदा. बांधणीने हक्काची वाट मिळते खरी. पण तो बोगदा बंद पडला आणि पर्यायाची मुभा लिहिलेली नसली, तर शेजारी धडधाकट बोगदा असूनही वाहतूक थांबते.

कामगारांच्या करारातही हेच असते. हक्काच्या कलमाखाली अडचणीच्या दिवसाचे कलम हवे, आणि ते अडचण येण्याआधीच लिहावे लागते. राउटर कोणाची गरज ओळखत नाही. तो लिहिलेले तेवढे पाळतो.