महाविद्यालय निवडताना केवळ ‘कटऑफ’ पाहू नका

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवसापासून घराघरांत एकच विषय सुरू होतो. कॉलेज कोणते? शेजारच्या मुलाला कोठे प्रवेश मिळाला, मामेबहीण कोणत्या कॉलेजात आहे, गेल्या वर्षी ‘कटऑफ’ किती होता, याची चौकशी होते. मात्र पुढची दोन वर्षे ज्याला त्या महाविद्यालयात काढायची आहेत, त्याची आवड, त्याची अडचण आणि घरची परिस्थिती यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. अकरावीचा प्रवेश चुकला तर त्याची किंमत बारावीच्या निकालात आणि त्यापुढच्या प्रवेश परीक्षांत मोजावी लागते. म्हणूनच पसंतीक्रम भरण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

रांगेपासून संगणकापर्यंत

एके काळी प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा असे. पालक सकाळपासून रांगेत उभे राहत आणि गुणवत्ता यादी फलकावर लागली की गर्दी उसळे. मुंबई विभागात २००९ साली अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया सुरू झाली. पुढे ती अन्य मोठ्या शहरांत गेली आणि २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण राज्यात लागू झाली. रांगा संपल्या, परंतु निवडीची जबाबदारी संपली नाही. उलट ती आता पूर्णपणे विद्यार्थ्याने भरलेल्या पसंतीक्रमावर येऊन ठेपली आहे.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, गुण आणि आरक्षणाचा तपशील भरावा लागतो, तर दुसऱ्यात महाविद्यालयांचा पसंतीक्रम. २०२५-२६ च्या नियमानुसार किमान एक आणि कमाल दहा पसंती देता येत होत्या. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होऊन थेट ‘सर्वांसाठी खुल्या’ फेरीपर्यंत थांबत असे. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास मात्र प्रवेश घ्यायचा की पुढील फेरीची वाट पाहायची, हे ठरविण्याची मुभा होती. नियम दरवर्षी नव्याने जाहीर होतात. त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

पसंतीक्रमाचा गैरसमज

‘मोठ्या कॉलेजचे नाव वर टाकले तर खालचे हातचे जाईल’, अशी भीती अनेक पालकांना वाटते. ती निराधार आहे. संगणक विद्यार्थ्यांना गुणवत्तेच्या क्रमाने घेतो आणि प्रत्येकाची यादी वरून खाली तपासतो. पहिल्या ठिकाणी जागा नसेल तर दुसरे ठिकाण पाहतो, तेथे नसेल तर तिसरे. वरचे महाविद्यालय मिळाले नाही म्हणून खालच्या महाविद्यालयातील हक्क कमी होत नाही.

खरी चूक दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे, ज्या महाविद्यालयात प्रत्यक्षात जायचेच नाही त्याचे नाव केवळ प्रतिष्ठेसाठी पहिल्या क्रमांकावर टाकणे. ते मिळाले तर सुटका नाही. दुसरी म्हणजे, दहाही नावे आपल्या गुणांच्या आवाक्याबाहेरची देणे. अशा विद्यार्थ्याच्या हाती फेरीअखेर काहीच लागत नाही. दोन-तीन नावे थोडी वरची, चार-पाच आपल्या गुणांच्या आसपासची आणि उरलेली खात्रीची, अशी यादी व्यवहार्य ठरते. मात्र क्रम आपल्या खऱ्या आवडीचाच असावा.

‘कटऑफ’ काय सांगतो?

कटऑफ म्हणजे त्या फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. तेथे मागणी किती आहे हे त्यावरून कळते, अध्यापन कसे आहे हे कळत नाही. नव्वद टक्क्यांच्या वरचीच मुले घेणाऱ्या महाविद्यालयाचा बारावीचा निकाल चांगला लागला तर त्यात नवल नाही. पंचाहत्तर टक्क्यांची मुले घेऊन त्यांना पुढे नेणारे महाविद्यालय शोधणे अधिक महत्त्वाचे. त्यासाठी प्रवेशाचे गुण आणि बारावीचा निकाल या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

स्वतःच्या टक्केवारीकडेही डोळसपणे पाहायला हवे. राज्य मंडळाच्या दहावीला २०१० पासून ‘बेस्ट फाइव्ह’ सूत्र लागू आहे. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला पाच विषयांत प्रत्येकी ९२ आणि गणितात ६८ गुण आहेत. तिची टक्केवारी ९२ होते आणि गणित त्यात दिसतच नाही. ही टक्केवारी पाहून विज्ञान शाखा आणि अभियांत्रिकीचा निर्णय घेतला तर अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीतच अडचण समोर येते. शाखा ठरविताना एकूण टक्क्यांपेक्षा विषयवार गुण आणि त्या विषयाची गोडी पाहावी.

विषयांची निवड आधी

अभियांत्रिकीकडे जायचे तर भौतिकशास्त्र आणि गणित हवे. वैद्यकीय शाखेच्या ‘नीट’साठी जीवशास्त्र हवे. निर्णय झाला नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात, पण अभ्यासाचा भार वाढतो. वाणिज्य शाखेत गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, हा निर्णय अनेक जण मित्राकडे पाहून घेतात. पुढे संख्याशास्त्र किंवा गणितावर आधारलेले अभ्यासक्रम करायचे असतील तर तो महागात पडतो. कला शाखा ही कमी गुणांची शाखा हा समजही आता टाकून द्यायला हवा. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी प्रवेश परीक्षा देऊ शकतो.

अकरावी हाच एकमेव मार्ग नाही, हेही लक्षात ठेवावे. हाताने काम करण्याची आवड असलेल्या विद्यार्थ्याला दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि त्यानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग अधिक मानवतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचाही विचार संकोच न करता करावा.

‘इंटिग्रेटेड’चे आकर्षण

खासगी शिकवणीशी सांधलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे पीक गेल्या काही वर्षांत वाढले आहे. प्रवेश महाविद्यालयात आणि दिवसभर बसणे शिकवणीत, असा हा प्रकार. याला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. असा प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टींची लेखी खातरजमा करावी. प्रयोगशाळेत प्रात्यक्षिके नियमित होतात का, हजेरी प्रत्यक्ष घेतली जाते का आणि शिकवणी मध्येच सोडल्यास शुल्काचे काय? बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. ज्याने वर्षभर उपकरणाला हात लावला नाही, त्याचा पाया कच्चा राहतो.

अकरावीला मंडळाची परीक्षा नसल्याने ते ‘विश्रांतीचे वर्ष’ मानण्याची प्रथा आहे. पण राज्याच्या सीईटीमध्ये सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, तर ‘जेईई’ आणि ‘नीट’मध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. बारावीच्या गुणांकडेही पाठ फिरवता येत नाही. अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीत किमान गुणांची अट आहे.

अंतर आणि खर्च

डोंबिवली किंवा कल्याणची मुले माटुंगा, दादरपर्यंतच्या नामवंत महाविद्यालयांत जाण्यासाठी धडपडतात. घरातून निघून वर्गात पोहोचेपर्यंत एका बाजूला दीड तास लागत असेल तर रोज तीन तास, आठवड्याच्या सहा दिवसांत अठरा तास प्रवासात जातात. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी हा हिशेब सहाशे तासांवर पोहोचतो. लोकलच्या गर्दीतून दमून आलेला मुलगा रात्री किती वाचणार, याचा विचार नावाच्या मोहात राहून जातो. ग्रामीण भागात एसटीच्या वेळा आणि मुलींच्या वसतिगृहाची सोय हे प्रश्न तितकेच निर्णायक असतात.

शुल्काबाबतही सावध राहावे. एकाच महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या असू शकतात. नाव एकच, पण यादीतील सांकेतांक आणि शुल्क वेगळे. पसंती भरताना केवळ नाव न वाचता शाखा, माध्यम, अनुदानाचा प्रकार आणि शुल्क हे सारे तपासावे. इन-हाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोटा कोणाला लागू आहे, हेही आधी विचारून घ्यावे.

तयारी निकालाआधीच

जातीचा दाखला, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांसाठी निकालानंतर सेतू केंद्रांवर गर्दी होते. परीक्षा संपताच अर्ज केला तर ही धावपळ टळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन महाविद्यालये प्रत्यक्ष पाहून यावीत. ग्रंथालय उघडे असते का, प्रयोगशाळेतील टेबलांवर धूळ आहे की काचपात्रे, हे पाहावे. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी दोन शब्द बोलले तर माहितीपत्रकात न सापडणारी उत्तरे मिळतात.

पालकांनी यादी करावी, चौकशी करावी, खर्चाचा अंदाज मुलांपुढे मोकळेपणाने मांडावा. मात्र अर्जावर शेवटची नोंद करण्यापूर्वी ‘तुला तिथे जायला आवडेल का?’ हा प्रश्न विचारायला विसरू नये आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. रोज सकाळी दप्तर खांद्याला लावून त्या वर्गात बसायचे आहे ते मुलालाच.