ओहोटीच्या वेळचें दर्शन

ईश्वराची ओळख मनुष्यास कोणत्या वाटेनें होईल याचा नेम नाहीं. कोणास ती ग्रंथांतून होते, कोणास दुःखांतून, तर कोणास सृष्टीचें बारकाईनें अवलोकन करतांना. फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर बंदरांत तो एका व्यापारी पेढीवर कारकून होता. १८३२ सालीं बहिणीच्या गंभीर आजाराच्या वार्तेनें तो व्याकुळ झाला आणि ख्रिस्ताला शरण गेला. त्याच वर्षीं सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुनें पुस्तक त्याच्या हातीं पडलें व तो कीटकांच्या अभ्यासास लागला. श्रद्धा आणि निरीक्षण हीं त्याच्या जीवनांत अशीं जुळीं भावंडें ठरलीं.

पुढें डेव्हनच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं खडकांमधील डबकीं धुंडाळणें हा त्याचा नित्यक्रम झाला. छायाचित्रणकला तेव्हां बाल्यावस्थेंत होती; पाण्यांतले हलते जीव तिला टिपतां येत नसत. म्हणून काचेच्या टाकींत जिवंत ठेवलेल्या समुद्रपुष्पांचीं चित्रें तो कुंचल्यानें काढी. तंतोतंत चित्र काढणें ही त्याच्या लेखीं निर्मात्याची स्तुतीच होती. १८५४ सालच्या ‘दि अ‍ॅक्वेरियम’ या त्याच्या पुस्तकानें अशा टाक्या घरीं बाळगण्याची हौस इंग्लंडभर पसरविली.

परंतु हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि डबकीं ओस पडलीं. या नाशास आपलींच पुस्तकें कारण झालीं, हें उमगून गॉसला फार खेद झाला, असें त्याचा पुत्र एडमंड यानें १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’ या ग्रंथांत नमूद केलें आहे.

दुसरा आघात याहून खोल होता. पृथ्वी अतिप्राचीन असल्याची साक्ष भूगर्भशास्त्र देऊं लागलें, तेव्हां ईश्वरानें सृष्टि निर्माण करितांनाच तिच्यावर प्राचीनत्वाच्या खुणा उमटविल्या, असें गॉसनें १८५७ सालीं ‘ऑम्फॅलॉस’ या ग्रंथांत प्रतिपादिलें. शास्त्रज्ञांस तें पटलें नाहीं. त्याचा स्नेही, धर्मोपदेशक चार्ल्स किंग्जली, यानेंहि देवानें खडकांवर असत्य लिहिलें असें आपणांस मानवत नाहीं, असें त्याला कळविलें. ज्यानें समुद्रपुष्पाची एकेक पाकळी निरखून पाहिली, त्यानें खडकाकडे मात्र तशा मोकळ्या दृष्टीनें पाहिलें नाहीं.

समुद्रकाठीं कॅमेरा घेऊन जाणाऱ्या भाविकास यांतून दोन बोध घेण्यासारखे आहेत. कॅमेरा रूप टिपतो, पण जीव जेथल्या तेथें राहूं देतो. गॉसच्या वाचकांना तें साधलें नाहीं. शिवाय भिंग समोर असेल तेंच दाखवितें. श्रद्धावंताचें मनहि तितकेंच प्रामाणिक असेल, तर खडकाची साक्ष ऐकण्यास त्यानें भिण्याचें कारण नाहीं.