धड्यातली नदी, दाराशेजारची खाडी

धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी सत्तरच्या दशकापर्यंत मुंबईचा कचरा पडत असे. त्याच ढिगावर १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या हस्ते पहिलं रोप लागलं आणि २२ एप्रिल १९९४ रोजी महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं. सुमारे ३७ एकरांचं हे रान शाळांच्या सहलींत आलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून गोरेगावात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं शिक्षण केंद्रही नव्वदच्याच दशकात उभं राहिलं.

दिल्लीत तोवर वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचा आदेश दिला होता. अंमलबजावणी इतकी रेंगाळली, की २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. पदवीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला, पुण्याच्या डॉ. एरच भरूचांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. शाळांत मात्र विषयाची प्रकल्पवही झाली: वर्तमानपत्रातली कात्रणं, रंगीत शाई आणि आदल्या रात्री जागणारे पालक!

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीला पूर आला. मिठी ही नदी आहे, नाला नव्हे, हे कित्येक मुंबईकरांना तेव्हा कळलं.

त्यानंतर पुराचं पाणी सामावून घेणाऱ्या खारफुटीकडे बघण्याची नजर बदलली. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन (खारफुटी) कक्ष झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून मुलांना नावेने खाडीत जाता येतं. चिखलातून वर आलेल्या तिवर या खारफुटीच्या बोटभर मुळ्या पाहिल्या, की चिखलात प्राणवायू नसल्याने झाड श्वास घ्यायला मुळ्या हवेत काढतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, हेही तिथे चटकन पटतं. वर्गात याला दोन तासिका लागतात.

आता राज्य मंडळाच्या नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. त्याचं निदान एक प्रात्यक्षिक शाळांनी खाडीवर किंवा गावच्या ओढ्यावर घ्यावं. ऐरोलीला जायचं असेल तर आधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. नावा त्यावरच सुटतात.