लक्झरचं ऊन आणि सोबतीला मावशी

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी, आणि 'ते तू मध्ये कायतरी गोळ्यांबद्दल बोललीस ते परत सांग' म्हणणाऱ्यांसाठी खास. बोलताना मी बरंच भरकटले होते, ते थोडं कापलंय. सगळं नाही.

विषय आहे इजिप्त. पिरॅमिडचं नाही, लक्झरचं. कैरोच्या दक्षिणेला, नाईलच्या काठावर. पूर्वेच्या काठावर गाव आणि कर्नाकचं देऊळ, पश्चिमेच्या काठावर राजांच्या कबरी. सूर्य मावळतो ती बाजू मेलेल्यांची, असा जुना हिशोब. आम्ही गेलो मे महिन्यात, कारण मे महिन्यात तिकडे गर्दी कमी आणि हॉटेलं स्वस्त. ती का स्वस्त असतात हे उघड आहे. दुपारचं तापमान चाळिशीला टेकलेलं असतं.

माझी सोबतीण म्हणजे माझी मावशी. बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालेली, मुक्काम नागपूर. मी डोंबिवलीची. त्यामुळे विमानातच भाषण झालं, "तू मला ऊन शिकवून राहिली का? पंचेचाळीसमध्ये मी लूनावर बँकेत जात होती."

आता इथेच पहिला मुद्दा. नागपूरचा माणूस ऊन सहन करतो, हे अर्धंच खरं. नागपूरचा माणूस उन्हाचं टाइमटेबल पाळतो. सकाळी नऊच्या आत बाजार, दुपारी दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, पन्ह्याचा पेला, बाहेर पडलंच तर डोक्याला दुपट्टा. लक्झरची माणसंही तेच करतात. दुपारी गल्ली सामसूम, रात्री दहाला लहान पोरं रस्त्यावर फुटबॉल खेळतायत. उन्हात भर दुपारी कोण फिरतं? पर्यटक. कारण तिकीट काढलेलं असतं, चारच दिवस असतात आणि लिस्ट लांब असते. मावशी नागपूरची असली तरी त्या चार दिवसांत ती पर्यटकच होती.

दुसरा मुद्दा घामाचा. आपली कातडी साधारण पस्तीस अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की हवा आपल्याला थंड करत नाही, उलट तापवते. मग शरीराकडे एकच रस्ता उरतो, घाम वाळवणं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे किती? दहा लिटरची पाण्याची बादली तीस अंशांवरून अठ्ठ्याऐंशीपर्यंत तापवायला लागेल तेवढी. जबरदस्त यंत्रणा आहे. पण चालायला हवा कोरडी लागते. मुंबईत घाम नुसताच गळतो, वाळत नाही, म्हणून आपण चिकट आणि वैतागलेले. लक्झरमध्ये तो आल्या आल्या उडून जातो. कपडे कोरडे, कपाळ कोरडं. मुंबईकराला वाटतं, वा, घामच नाही, काय मस्त हवा! आणि पाणी तर अंगातून जातच असतं. पुरावा संध्याकाळी दिसतो, काळ्या कुर्त्यावर पाठीला मिठाच्या पांढऱ्या रेघा.

काळ्या कपड्यांवरून आठवलं. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, यावर १९८० मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. झगा काळा असो वा पांढरा, कातडीपर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळा झगा जास्त तापतो खरा, पण सैल असल्याने ती उष्णता आतून वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. तर रंगाची फार चिंता नको. सैल घाला, पूर्ण बाह्यांचं घाला. तिथले बाप्ये गलाबिया घालतात तो याचसाठी. जीन्स घरी ठेवा, प्लीज.

तर तो दिवस. सकाळी सहाच्या सुमारास बोटीने पश्चिम काठ. आकाशात गरम हवेचे फुगे, खाली उसाची शेतं. हो, ऊस! लक्झरच्या आसपास इतका ऊस आहे की मावशी म्हणाली, आपण कोल्हापुरात उतरलो की काय. राजांच्या दरीत साठाहून जास्त कबरी आहेत, आणि साध्या तिकिटात तीनच बघता येतात. तुतनखामेन, १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडला तो, त्याचं तिकीट वेगळं.

कबर म्हणजे डोंगराच्या पोटात, तर आत गार असेल असं सगळ्यांना वाटतं. नसतं. आत हवा खेळत नाही, आणि आधी येऊन गेलेल्या शेकडो माणसांचा श्वास आणि घाम तिथेच कोंडलेला असतो. म्हणजे बाहेर नागपूर आणि आत डोंबिवली लोकल! हाच दमटपणा भिंतींवरच्या चित्रांनाही खातो. म्हणून तर तुतनखामेनच्या कबरीची हुबेहूब प्रतिकृती २०१४ मध्ये तिथून जवळच उघडली. आणि दरी स्वतः चुनखडीच्या खडकाची वाटी. वरून ऊन, बाजूंनी तापलेला दगड.

तिथून आम्ही हत्शेपसुतच्या देवळाकडे गेलो. पूर्वेकडे तोंड, मागे उभा कडा, समोर मोठं उघडं अंगण. सकाळचं ऊन थेट अंगावर. साडेदहा वाजले होते. मावशी आधी चिडली. मी फोटो काढत होते म्हणून, मग मी फोटो काढत नव्हते म्हणून. मग गप्प झाली. मावशी आणि गप्प! डोकं दुखतंय म्हणाली, मळमळतंय म्हणाली, पण "चल गं, होते थोडं, वर जाऊन येऊ." मग एका दुकानात तिने पाण्याची बाटली घेतली. वीस पौंडांची. तिने दोनशेची नोट दिली आणि सुटे न घेताच चालू लागली. दुकानदाराने हाक मारली, तर ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

तीस वर्षं नोटा मोजलेली बाई आहे ही. मला तिथेच कळलं की हे थकणं नाही.

या भागात मला सांगायची होती ती गोष्ट हीच. उन्हाचा त्रास ज्याला होतोय, त्याला तो नीट कळत नाही, कारण कळायचं यंत्रच तापलेलं असतं. चिडचिड, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, हे होईपर्यंत सावलीत बसवून, पाणी देऊन माणूस सावरतो. पण बोलणं असंबद्ध झालं, हिशोब चुकायला लागला, पाय लडखडले, तर तो उष्माघात असू शकतो. त्यात शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असू शकतं, आणि मग मिनिटं मोजायची. आधी थंड करायचं, बाकी सगळं नंतर. आणि घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असंही समजू नका. घाम असतानाही तो होतो. सोबतीचा माणूस नेहमी कसा बोलतो, कसा चालतो हे तुम्हाला माहीत असतं. गाइडला नसतं, डॉक्टरलाही नसतं. मावशीचं दोनशेचं गणित तिथे माझ्याशिवाय कोणालाच खटकलं नसतं.

आम्ही काय केलं? दुकानदाराने आतल्या सावलीत खुर्ची दिली. बाटलीतलं पाणी प्यायला देण्याआधी अंगावर ओतलं, डोकं, मान, हात, कुर्ता सगळं ओलं. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते. कोरड्या हवेत ओलं अंग आणि वारा हे कूलरचंच तत्त्व आहे. पाच-सात मिनिटांत ती म्हणाली, "काहून भिजवून राहिली मला?" मला इतकं बरं वाटलं! पूर्ण शुद्धीवर आहे, नीट गिळतेय, हे बघूनच घोट घोट पाणी दिलं. भ्रमिष्ट किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. ती सावरली नसती तर मी १२३ लावणारच होते, तिथला अँब्युलन्सचा नंबर. निघण्याआधी फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. मग एसी गाडी, हॉटेल, आणि हॉटेलवर डॉक्टर.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा. मावशीच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त करवणारं औषध आहे, डाययुरेटिक. बऱ्याच जणांच्या गोळीत असतं. म्हणजे घामातून पाणी जातंय ते वेगळंच, वरून गोळीनेही जातंय. तर आई-बाबांना, मावशी-काकांना घेऊन गरम देशात जाणार असाल, तर जायच्या आधी डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शन दाखवा आणि विचारा, तिथे डोस बदलायचा का. आपण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. ओआरएसबद्दलही त्यांनाच विचारा, बीपीवाल्यांना मिठाचं गणित वेगळं असतं. आपल्यासारख्या धडधाकटांनी उन्हात दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी, मधून ओआरएस. पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, घट्ट करून नाही. तहान लागायची वाट बघू नका. आणि लघवी गडद पिवळी दिसली तर पुढचं देऊळ कॅन्सल.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही. मावशीने खोलीत बसून करकडे प्यायलं. ते गडद लाल सरबत, लाल अंबाडीच्या फुलांच्या मांसल पाकळ्यांसारख्या भागाचं. तिला कळल्यावर म्हणाली, "म्हणजे आपण अंबाडीची भाजी खातो नि फूल फेकून देतो!" रात्री लक्झरचं देऊळ, दिव्यांत. ते रात्रीच बघावं, माझं स्पष्ट मत. कर्नाक सकाळी उघडताच. तिथला १३४ खांबांचा मंडप एकेकाळी छपराखाली होता, उंच झरोक्यांतून तेवढाच उजेड. आता छप्पर नाही, तरी खांबांची सावली मिळते. दुपारी म्युझियम, कारण एसी. आणि एक घड्याळाची गंमत. उन्हाळ्यात इजिप्त घड्याळ एक तास पुढे करतं, त्यामुळे लक्झरमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो पाऊणच्या सुमारास. हवा सगळ्यात तापते तीन-चार वाजता. 'बारा टळले, आता निघू' असं म्हणाल तर नेमके भट्टीत जाल.

चौथ्या दिवशी, सहा वाजता, पुन्हा राजांची दरी. यावेळी फक्त रामसेस सहाव्याची कबर, बाकी काही नाही, साडेआठला परत. छतावर नूत देवीची लांबच लांब आकृती आहे. ती संध्याकाळी सूर्याला गिळते आणि सकाळी पुन्हा जन्म देते. मावशी मान वर करून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "रात्रभर पोटात ठेवते. तिला किती गरम होत असेल गं."

बाहेर येताना रखवालदाराने हात पुढे केला, "बक्षीश." मावशीने वीसची नोट काढली, उजेडात धरून दोनदा पाहिली, आणि दिली.

पुढच्या भागात व्हिसा, पैसे आणि घासाघीस. प्रश्न असतील तर पाठवा, मावशीलाही विचारेन.