लाउडन काउंटीत पगार पुरतो का?
लेखमाला : परदेशातला पगार, लेख ७

अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१९ ते २०२३ या पाच वर्षांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीचं मध्यक घरगुती उत्पन्न १,७८,००० डॉलरच्या वर भरलं. देशातल्या तीन हजारांहून जास्त काउंट्यांमध्ये लाउडन कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर किंवा त्याच्या अगदी लगत आहे. वॉशिंग्टनच्या वायव्येला, डलेस विमानतळाच्या आजूबाजूला पसरलेला हा भाग. अ‍ॅशबर्न, ब्रॅम्बलटन, साउथ रायडिंग, आल्डी ही त्यातल्या वस्त्यांची नावं आता पुण्या-नाशिकच्या घराघरांत ओळखीची झाली आहेत, कारण कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा सून तिथे आहे. पगाराचा आकडा रुपयांत बदलून पाहिला की इकडे डोळे विस्फारतात. तिकडे राहणारा मात्र महिनाअखेरीला हिशेबाची वही पुढ्यात घेऊन बसलेला असतो. दोघांचंही खरं आहे. असं का होतं, ते आज एका घराचा पूर्ण हिशेब मांडून पाहू.

आधी त्या १,७८,००० बद्दल. मध्यक म्हणजे अर्धी घरं या आकड्याच्या वर, अर्धी खाली. हे उत्पन्न घराचं आहे, माणसाचं नाही. लाउडनमध्ये नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी घरं खूप आहेत, त्यामुळे आकडा दोन पगारांचा धरूनच वाचायला हवा. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना तिथलं घर परवडत नाही ते तिथे राहतच नाहीत, म्हणून या मोजणीत येतच नाहीत. लाउडनच्या शाळांतले कित्येक शिक्षक, रुग्णालयांतल्या परिचारिका, दुकानांतले कर्मचारी रोज सकाळी वेस्ट व्हर्जिनियाच्या जेफरसन काउंटीतून, मेरीलँडच्या फ्रेडरिकमधून किंवा विंचेस्टरकडून गाडी चालवत येतात आणि संध्याकाळी परत जातात. काउंटीची श्रीमंती मोजताना त्यांचं उत्पन्न त्यांच्या राहत्या गावात मोजलं जातं. म्हणजे उत्पन्नाचा हा आकडा काही अंशी घरांच्या किमतीनेच वर ढकललेला आहे.

आता हिशेब. समजा एक जोडपं आहे, दोन लहान मुलं आहेत. एकाला १,०५,००० आणि दुसऱ्याला ७५,००० डॉलर पगार, मिळून १,८०,०००. म्हणजे लाउडनच्या बरोबर मधलं घर. दोघंही पगाराच्या दहा टक्के निवृत्तीच्या ४०१(के) खात्यात टाकतात, ते १८,०००. आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला ६,००० धरू. या दोन रकमा केंद्राचा आणि राज्याचा आयकर लागण्याआधीच वजा होतात.

हे कुटुंब भाड्याने राहत असेल तर २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांना २९,२०० डॉलरची ठोक वजावट मिळते. दोन मुलांचे चार हजार डॉलर करातून थेट वजा होतात. केंद्राचा आयकर उरतो सुमारे १४,०००. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांचे ७.६५ टक्के, ते १३,३००. व्हर्जिनियाचा आयकर १७,००० डॉलरच्या पुढच्या करपात्र उत्पन्नावर सरसकट ५.७५ टक्के आहे. तो येतो साधारण ७,५००. सगळं वजा जाता वर्षाला १,२१,००० हातात पडतात, म्हणजे महिन्याला दहा हजारांच्या जरा वर. भाड्याचं बरं टाउनहाउस ३,२०० च्या आसपास धरलं तर महिन्याला ६,९०० उरतात.

आता तेच कुटुंब साडेसात लाख डॉलरचं घर घेतं. अ‍ॅशबर्नच्या बाजूला एवढ्या पैशांत एकमेकांना चिकटलेल्या रांगेतलं टाउनहाउस मिळतं. चारही बाजूंनी मोकळं घर हवं असेल तर आकडा बराच वर जातो. वीस टक्के, म्हणजे दीड लाख डॉलर, आधी भरायचे. उरलेल्या सहा लाखांचं तीस वर्षांचं मॉर्गेज पावणेसात टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता ३,८९० डॉलर. काउंटीचा घरावरचा कर २०२४च्या दराने ५४१. घराचा विमा १४० आणि वसाहतीच्या संस्थेची, म्हणजे एचओएची, वर्गणी १६० धरू. बेरीज झाली ४,७३० डॉलर.

घर घेतल्यावर आयकर कमी होतो, हे आपण सगळे ऐकून असतो, आणि ते खरंही आहे. पहिल्या वर्षी व्याजच चाळीस हजारांवर जातं, त्यामुळे ठोक वजावट सोडून खर्चाची तपशीलवार वजावट घेणं फायद्याचं ठरतं. केंद्राच्या करात सुमारे ४,६०० आणि राज्याच्या करात १,७०० वाचतात. हातात येणारी रक्कम महिन्याला दहा हजार सहाशेवर जाते. घराचे ४,७३० गेले की उरतात ५,९००. भाड्याने राहताना ६,९०० उरत होते. कर वाचूनही महिन्याला हजार डॉलर कमीच. त्यातले पाचशेच्या आसपास मुद्दलात जातात, ते आपलेच आहेत. पण छप्पर, वॉटर हीटर, एसी यांची दुरुस्ती आता आपल्याच खिशातून, आणि दीड लाख डॉलर भिंतींत अडकले ते वेगळेच.

या ५,९०० मधून एका बाळाचं डेकेअर सहज दोन हजारांच्या वर जातं. दोन गाड्यांचे हप्ते, विमा, पेट्रोल. त्याशिवाय व्हर्जिनियात गाडीवरही दरवर्षी मालमत्ता कर लागतो. २०२४मध्ये लाउडनचा दर गाडीच्या किमतीच्या शंभर डॉलरला ४.१५ डॉलर होता. मिळून चाळीस हजार किमतीच्या दोन गाड्यांवर सवलतीआधी १,६६० डॉलर. हा कार टॅक्स लोकांना इतका डाचतो की १९९७च्या निवडणुकीत जिम गिलमोर तो रद्द करण्याचं आश्वासन देऊन राज्याचे गव्हर्नर झाले. तो रद्द झाला नाही. पहिल्या वीस हजार डॉलर किमतीवरच्या करात राज्य काही वाटा उचलतं, बाकी मालक भरतो. लीसबर्गहून डलेसकडे ग्रीनवे या खासगी रस्त्याने गेलं तर गर्दीच्या वेळी एका खेपेला पाच डॉलरहून जास्त टोल पडतो. किराणा, मुलांचे क्लास आणि दोन वर्षांतून एकदा भारतात येणं धरलं की शिल्लक फार राहत नाही. हे कुटुंब गरीब नाही, असं कुणी म्हणूही नये. पण ते ऐषारामातही नाही.

आता करांकडे नीट पाहू, कारण "तिथे टॅक्स फार आहे" हे वाक्य आपल्याकडे न तपासता फिरतं. अमेरिकेतल्या शाळांचा बराच खर्च स्थानिक करातून भागतो आणि लाउडनच्या स्थानिक करातला सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो. घराची किंमत दरवर्षी १ जानेवारीच्या बाजारभावाने ठरते. २०१९मध्ये दर शंभर डॉलरला १.०४५ होता, २०२४मध्ये ०.८६५ झाला, २०२५मध्ये ०.८०५. दर असा उतरत गेला तरी घरांच्या किमती त्याहून वेगाने चढल्यामुळे बऱ्याच घरांचं बिल वाढलंच. पाच लाखांचं घर साडेसात लाखांचं झालं असेल तर २०१९चं ५,२२५चं बिल २०२५मध्ये ६,०३७ होतं. दर उतरल्याची बातमी वाचून खूश होण्याआधी किंमत किती धरली आहे ते पाहावं.

तरीही हे बिल दुसऱ्या काही श्रीमंत भागांपेक्षा हलकं आहे. न्यू जर्सीत, जिथे आपली जुनी मोठी वस्ती आहे, २०२४मध्ये घरावरच्या कराचं सरासरी बिल दहा हजार डॉलरच्या वर गेलं. जिथे प्रत्यक्ष दर दोन टक्क्यांच्या आसपास पडतो, अशा तिथल्या गावात आपल्या साडेसात लाखांच्या घराला पंधरा हजार भरावे लागतील. न्यू जर्सीचा आयकर या उत्पन्नाला व्हर्जिनियापेक्षा थोडा कमी बसतो, पण त्याने ही तफावत भरून निघत नाही. पोटोमॅक नदीपलीकडच्या मेरीलँडमध्ये तिसरीच तऱ्हा. तिथे काउंटीही आयकर घेते. माँटगोमेरी काउंटीचा दर ३.२ टक्के आणि राज्याचे ४.७५ टक्के मिळून आठाच्या जवळ जातात. व्हर्जिनियातल्या काउंट्या असा आयकर घेत नाहीत.

घरावरचा कर इतका हलका ठेवणं लाउडनला जमतं त्याचं कारण अ‍ॅशबर्नच्या रस्त्यांवर दिसतं. नव्वदच्या दशकात वॉशिंग्टनच्या या बाजूला इंटरनेटचे मोठे जोडणीबिंदू आले, एओएल या इंटरनेट कंपनीचं मुख्यालय डलेसला होतं, फायबरचं जाळं पसरलं आणि त्याच्या आधाराने डेटा सेंटर उभी राहिली. आज जगात त्यांची इतकी दाटी दुसरीकडे क्वचितच असेल. त्यांच्या आतल्या संगणकांवर काउंटी मालमत्ता कर घेते आणि तिच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग त्यातून येतो. डेटा सेंटरमधून शाळेत जाणारी मुलं येत नाहीत, म्हणून खर्च कमी आणि कर भरपूर. धोकाही तिथेच आहे. संगणकांची किंमत काही वर्षांत झपाट्याने उतरते, नवे संगणक येत राहिले तरच कर टिकतो. एकाच धंद्यावर इतकं विसंबणं बरं नाही, हे काउंटीचे निवडून आलेले प्रतिनिधीही बोलून दाखवतात. शिवाय हीच केंद्रं घरांसाठी लागणारी जमीन अशा भावाने घेतात की घरबांधणी करणाऱ्याला स्पर्धाच करता येत नाही. म्हणजे कर हलका ठेवणारी गोष्टच घर महाग करायला मदत करते.

काउंटीचा पश्चिमेकडचा मोठा भाग शेतं, घोड्यांची कुरणं आणि द्राक्षमळे यांच्यासाठी राखीव धोरणाखाली आहे, तिथे दाट वस्ती करता येत नाही. त्यामुळे मागणीचा सगळा भार पूर्वेकडे येतो. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत आली, तेव्हा स्थानकांजवळच्या घरांना आणखी मागणी आली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सवलतीच्या घरांची योजना आहे, पण गरजेच्या मानाने ती लहान आहे.

या सगळ्यापेक्षा मोठा घटक मात्र व्याजदर. गृहकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या संस्थेच्या नोंदीत तीस वर्षांच्या मॉर्गेजचा सरासरी दर २०२१च्या जानेवारीत २.६५ टक्के होता, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ७.७९. वरचंच सहा लाखांचं कर्ज तीन टक्क्यांनी घेतलेल्या माणसाचा हप्ता २,५३० आहे. पावणेसात टक्क्यांनी घेणाऱ्याचा ३,८९०. शेजारी शेजारी दोन घरं, सारखा पगार, आणि महिन्याला १,३६० डॉलरचा फरक, तोही तीस वर्षं. जुन्या दराचा माणूस घर विकायला तयार नसतो, म्हणून बाजारात घरं कमी येतात आणि नव्याला आणखी महाग पडतात. २०२१मध्ये घर घेतलेल्या मावसभावाचं ऐकून आज घर घेऊ नये, ते यासाठी. त्याचा सल्ला मनापासूनचा असतो, पण त्याचं गणित आता लागू होत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या लोकांपुरता, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी मिळवायला किंवा स्थिती बदलायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. जोडीदार एच-४ व्हिसाच्या परवान्यावर काम करत असेल तर ते कामही पहिल्याच्या व्हिसावर टेकलेलं असतं. एक पगार गेला की दुसराही जाऊ शकतो. भारतीयांची ग्रीनकार्डची रांग इतकी लांब आहे की ही स्थिती दहा-पंधरा वर्षं टिकते. समजा व्हिसा अडला नाही आणि १,०५,००० चा एकच पगार उरला. आपल्या हिशेबात तेव्हा हातात महिन्याला सुमारे ६,६०० येतात. घराचे ४,७३० दिले की १,९०० देखील उरत नाहीत. डेकेअर थांबलं तरी त्यात चौघांचं भागत नाही. २०२५मध्ये केंद्र सरकारने मोठी नोकरकपात केली आणि सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या कंपन्यांनाही तिची झळ लागली. वॉशिंग्टनच्या उपनगरांना ही गोष्ट आता पुस्तकातली राहिलेली नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लाउडनची नोकरी घ्यावी, शाळा आणि कर यांच्या बाबतीत जागा उत्तम आहे. पण पहिली दोन वर्षं भाड्याने राहावं, आणि घर घेताना दोघांच्या नव्हे तर मोठ्या एका पगारावर सहा महिने हप्ता भरता येईल एवढी रोख रक्कम डाउन पेमेंटच्या बाहेर शिल्लक ठेवावी. इकडच्या आई-वडिलांना एक विनंती. मुलाच्या डाउन पेमेंटसाठी राहतं घर गहाण टाकू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणून पाठवावेच असं नाही. पाठवलेत आणि वर्षाची भेट एक लाख डॉलरच्या वर गेली, तर मुलाने अमेरिकी कर खात्याकडे फॉर्म ३५२० भरून ती कळवली पाहिजे. तिच्यावर कर लागत नाही, पण न कळवल्यास दंड मोठा आहे. पैसे पाठवण्याआधी त्याला हा फॉर्म माहीत आहे का, तेवढं फोन करून विचारा.