कंपनी मोठी झाली, हा तिचा दोष का? गुगलचा दंड, ‘यूपीआय’ची मर्यादा अन् राळेगणच्या पाण्याचा हिशेब

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) : हवामानाचा अंदाज असो, बाजारभाव असो की दुकानदाराला पैसे देणे, गावातलीही बरीच कामे आता मोबाइलवर होतात. मात्र, त्यामागच्या कंपन्या मोजक्याच आहेत. त्या एवढ्या मोठ्या झाल्या, याचा दोष त्यांना द्यायचा का? समजून घेऊया.

कायदा काय सांगतो?
भारतात एकेकाळी आकारावरच नजर होती. १९६९ च्या ‘एमआरटीपी’ कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या उद्योगांना विस्तारासाठी सरकारची परवानगी लागायची. १९९१ मध्ये ही अट काढली गेली. आताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातील कलम ४ नुसार बाजारात वर्चस्व असणे गुन्हा नाही. त्याचा गैरवापर करणे गुन्हा आहे.

मग गुगलला दंड का?
ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ‘अँड्रॉइड’ प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइड लोकप्रिय आहे, हा आक्षेप नव्हता. ‘प्ले स्टोअर’ हवे असेल तर मोबाइल कंपनीने गुगलची इतर ॲप्सही आधीच फोनमध्ये टाकावीत, ही अट आयोगाला खटकली. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले.

महाराष्ट्राला झळ कशी बसली?
मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स ‘प्ले स्टोअर’वरून हटवली. त्यात मुंबईची ‘शादी डॉट कॉम’ आणि ‘कुकू एफएम’ही होती. सरकारने मध्यस्थी केल्यानंतर ॲप्स परत आली. पण ज्या दुकानाशिवाय गिऱ्हाईकच मिळत नाही, त्या दुकानाचा मालक भाडेही ठरवतो आणि शटरही ओढू शकतो, हे या निमित्ताने दिसले.

कंपन्यांची बाजू काय?
तीही दुर्लक्षून चालणार नाही. अँड्रॉइड मोबाइल कंपन्यांना मोफत मिळते. त्यामुळेच स्वस्त स्मार्टफोन गावोगावी पोहोचले. ‘प्ले स्टोअर’ची सुरक्षा आणि देखभाल यावर खर्च होतो, म्हणून शुल्क घेतो, असे गुगलचे म्हणणे आहे. चांगली वस्तू बनवून मिळवलेल्या यशाला शिक्षा झाली, तर नवे काही बनवायला कोण धजावेल, हा प्रश्न रास्तच आहे.

गैरवापर नसेल तर?
इथे ‘यूपीआय’चे उदाहरण बोलके आहे. फोनपे आणि गुगल पे या दोन ॲप्सवरून मिळून सुमारे ८० टक्के व्यवहार होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असे ‘एनपीसीआय’ने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केले. ही शिक्षा नव्हे, खबरदारी आहे. एक मोठे ॲप बंद पडले तर निम्म्या बाजाराचे व्यवहार अडकतील. तरीही लोकांना त्यांच्या आवडीच्या ॲपपासून दूर कसे करायचे, हा पेच सुटलेला नाही. त्यामुळे मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली आहे.

राळेगणशी याचा संबंध काय?
१९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने राळेगणमध्ये पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले. त्याचबरोबर उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर गावाने बंधन घातले. याच जिल्ह्यातील हिवरेबाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. कोणाचे पीक जोमदार आले म्हणून गावाने त्याला दोषी ठरवले नाही. पण एकाच्या उपशामुळे शेजाऱ्याची विहीर आटू नये, हा नियम आधीच केला. विहिरी आटल्यावर दंड केला असता, तर पाणी परत आले नसते.

पुढे काय?
डिजिटल बाजारातही हाच मुद्दा आहे. सध्याच्या कायद्यात चौकशी, दंड आणि अपिले यात वर्षे जातात. तोवर छोटी कंपनी टिकेलच असे नाही. म्हणून मोठ्या कंपन्यांना आधीच नियम लावणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये समोर आला. नियम सरसकट कडक केल्यास उद्या मोठ्या होणाऱ्या भारतीय कंपन्याही त्यात अडकतील, अशी भीती उद्योगांना आहे.

थोडक्यात, यशाबद्दल कंपनीला दोष देणे चूक. पण त्या यशाच्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवली, तर जाब विचारायलाच हवा. मोठी कंपनी चांगली की वाईट, यापेक्षा तिच्याशिवाय दुसरा पर्याय आपल्याकडे उरला आहे का, हे ग्राहकाने पाहावे.