रायफल आणि तिची नोंद

जबलपूर म्हटले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम नर्मदा येते, भेडाघाटचे संगमरवरी कडे येतात. परंतु या शहराची दुसरीही एक ओळख आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला; लष्कराचे आयुध भांडार आणि दुरुस्तीची कार्यशाळाही येथे आहे. अशा ठिकाणी जुने शस्त्र पुन्हा मूळ स्थितीत आणणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सहजच उद्भवतो.

गंज खरवडला, लाकडाला पॉलिश दिले की रायफल नवी झाली, असा सामान्य समज असतो. तो चुकीचा आहे. ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने सर्वांना परिचित असलेली ली-एनफील्ड रायफल उदाहरणादाखल घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लष्करात आली. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होई आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. इतके दीर्घ आयुष्य केवळ मजबुतीमुळे लाभत नाही. त्यामागे काटेकोर निगा असते.

पहिली परीक्षा नळीची. नळीच्या आत पाच नागमोडी चर असतात. ते गोळीला गिरकी देतात व त्यामुळे ती सरळ मार्गाने जाते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनाचा क्षार बार झाल्यावर नळीत उरे आणि हवेतील ओलावा शोषून पोलादाला गंज आणी. हा क्षार तेलाने जात नाही, पाण्यात मात्र विरघळतो. म्हणून शिपाई प्रथम नळीतून उकळते पाणी ओतीत, ती कोरडी करीत आणि मगच तेल लावीत. ज्या नळीचे चर झिजून गेले, ती कितीही चकचकीत दिसली तरी निरुपयोगीच होय.

दुसरी परीक्षा बोल्टची. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांमधील अंतर ठरावीक मर्यादेत असावे लागते. ते वाढले तर काडतूस फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येण्याचा धोका असतो. हे अंतर डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पोलादी मापे असतात. याच कारणास्तव बोल्टवर रायफलीचाच क्रमांक कोरलेला असतो आणि एकीचा बोल्ट दुसरीला तपासणीवाचून बसवू नये, असा दंडक आहे.

तिसरी परीक्षा लाकडाची. बाराचा धक्का लाकूड सोसते. ते आकसले वा सैल झाले की नेम चुकू लागतो. अक्रोडाच्या जुन्या लाकडाला जवसाचे तेल थोडे थोडे मुरवावे लागते. काचकागदाने ते घासणाऱ्याच्या हातून मात्र त्यावरील जुन्या खुणाही पुसल्या जातात.

या परीक्षांत उतरलेली रायफल पुन्हा सेवेत जाते. न उतरलेली बाद होते. ब्रिटिश कारखान्यांत संपूर्ण दुरुस्त झालेल्या रायफलीवर ‘एफ. टी. आर.’ ही अक्षरे ठोकीत. दुरुस्तीची जबाबदारी कोणीतरी पत्करली आहे, असा त्या अक्षरांचा अर्थ.

ही जबाबदारी सुटली की काय घडते, हे जबलपूरनेच पाहिले. २०१८ च्या ऑगस्टअखेर बिहारमधील मुंगेर येथे पोलिसांना तीन एके-४७ रायफली सापडल्या. मीर कासिमाच्या काळापासून बंदुका घडविणाऱ्या त्या गावातून तपासाचा धागा थेट जबलपूरच्या आयुध भांडारापर्यंत पोहोचला. बाद ठरलेल्या रायफली व त्यांचे भाग बाहेर काढून, त्या चालू स्थितीत आणून विकल्या गेल्या, असा आरोप ठेवण्यात आला. एक सेवानिवृत्त शस्त्रदुरुस्ती कारागीर व भांडारातील एक कर्मचारी यांना अटक झाली. पुढे तपास राष्ट्रीय अन्वेषण संस्थेकडे गेला.

या प्रकारातील विदारक भाग असा की, ज्या कौशल्याने सैनिकाचे शस्त्र विश्वासार्ह होते, त्याच कौशल्याने बाद शस्त्र गुन्हेगाराच्या हाती पडते. हात तेच, हत्यारे तीच. फरक केवळ नोंदवहीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बनविण्याप्रमाणेच त्याच्या दुरुस्तीलाही परवाना आवश्यक ठरविला, तो याच विचाराने. बाद रायफल नोंदीत ‘नष्ट’ झाली एवढ्याने भागत नाही. ती प्रत्यक्षात नष्ट झाली पाहिजे, आणि ते कोणीतरी डोळ्यांनी पाहून त्याखाली सही केली पाहिजे.